एका सर्वनामाची साक्ष : ‘इट्स’ या शब्दाचा इतिहास

१/
ऑक्टोबर १७६८. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात नदीवरचा नवा पूल नुकताच बांधून झाला होता. त्याच सुमारास तेथील एका वृत्तपत्रात जुन्या पुलाच्या उद्घाटनाचे, कित्येक शतकांपूर्वीचे वर्णन छापून आले. हा मजकूर एका प्राचीन हस्तलिखितातून उतरवून घेतला आहे, असे सांगण्यात आले. तो पाठवणाऱ्या मुलाला अजून सोळावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. त्याचे नाव टॉमस चॅटर्टन.

पुढे त्याच्या बनावटगिरीविरुद्ध जे पुरावे उभे राहिले, त्यांत तीन अक्षरांचे एक षष्ठीचे सर्वनामही होते. हा थ्रेड त्या सर्वनामाविषयी आहे.

२/
चॅटर्टनचा जन्म १७५२ चा. वडील त्याच्या जन्माआधीच वारले होते. ब्रिस्टलच्या सेंट मेरी रेडक्लिफ या भव्य चर्चशी घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध होता. चर्चच्या एका खोलीत जुन्या पेट्या होत्या आणि त्यांत चर्मपत्रे पडून होती. त्यांतली बरीचशी वडिलांनी घरी आणली होती. शाळेच्या पुस्तकांना वेष्टन घालण्यापलीकडे त्यांचा कोणाला उपयोग वाटत नव्हता. जुनी अक्षरे पाहतच हा मुलगा वाचायला शिकला.

३/
वकिलाच्या कचेरीत उमेदवारी करणाऱ्या या मुलाने एक माणूसच निर्माण केला : पंधराव्या शतकातला धर्मगुरू आणि कवी टॉमस राउली. राउलीच्या नावावर तो स्वतः कविता रची, जुन्या वळणाचे अक्षर काढी, चर्मपत्र मळवी आणि ‘चर्चच्या पेटीत सापडले’ असे सांगून लोकांना दाखवी. ब्रिस्टलमधील प्रतिष्ठित मंडळींनी त्यावर विश्वास ठेवला. आपल्या शहराला एक प्राचीन कवी लाभला, याचा त्यांना आनंदच झाला होता.

४/
१७६९ मध्ये त्याने काही मजकूर होरेस वॉलपोल या विख्यात लेखकाकडे पाठवला. वॉलपोल आधी भारावला, पण जाणकार मित्रांनी शंका घेताच त्याने हात आखडता घेतला. या वॉलपोलनेच १७६४ मध्ये स्वतःची कादंबरी ‘जुन्या इटालियन ग्रंथाचे भाषांतर’ म्हणून छापली होती.

१७७० च्या वसंतात चॅटर्टन लंडनला गेला. लेखनावर पोट भरेना. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आर्सेनिकच्या विषाने त्याचा मृत्यू झाला. तेव्हा त्याचे वय होते १७ वर्षे.

५/
राउलीच्या कवितांचा संग्रह १७७७ मध्ये टॉमस टिरविट या विद्वानाने प्रसिद्ध केला आणि मोठा वाद पेटला. या कविता खरोखर पंधराव्या शतकातल्या की एका मुलाने रचलेल्या? चॉसरच्या भाषेचा गाढा अभ्यास असलेल्या टिरविटने १७७८ मध्ये स्वतःच निर्णय दिला : भाषाच सांगते, की हे लेखन चॅटर्टनचे आहे.

पुढे १८७१ मध्ये स्कीट या भाषापंडिताने चॅटर्टनची साधनेही दाखवून दिली. त्याने जुने, दुर्मीळ शब्द कर्सी आणि बेली यांच्या अठराव्या शतकातल्या शब्दकोशांतून वेचले होते. कोशातली चूकही त्याच्या कवितेत तशीच उतरली होती.

६/
दुर्मीळ शब्द त्याने शोधून वापरले, पण सामान्य शब्दांकडे त्याचे लक्ष गेले नाही. एका ठिकाणी राउलीच्या तोंडी ‘इट्स’ हा शब्द आला. अर्थ साधा : ‘त्याचा’, वस्तूचा किंवा गोष्टीचा. एकोणिसाव्या शतकात रिचर्ड ट्रेंच यांच्यासारख्या भाषाभ्यासकांनी यावर नेमके बोट ठेवले. बाकीचे सारे पुरावे बाजूला ठेवले, तरी बनावट उघडी पाडायला हा एक शब्द पुरेसा होता. कारण पंधराव्या शतकातल्या इंग्रजीत ‘इट्स’ हा शब्दच नव्हता.

७/
मग त्या काळी वस्तूची मालकी कशी सांगत? त्यासाठी आणखी मागे जावे लागते.

सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तृतीय पुरुषाची तीन सर्वनामे होती : पुल्लिंगी ‘हे’, स्त्रीलिंगी ‘हेओ’ आणि नपुंसकलिंगी ‘हिट’. या ‘हिट’चेच पुढे ‘इट’ झाले. यांची षष्ठीची रूपे पाहिली, तर स्त्रीलिंगाचे रूप ‘हिरे’ असे वेगळे होते. पुल्लिंग आणि नपुंसकलिंग या दोहोंचे रूप मात्र एकच : ‘हिज’. राजाचे सिंहासनही ‘हिज’ आणि जहाजाचे शीडही ‘हिज’.

८/
मराठी वाचकाला यात काही नवल वाटू नये. ‘तो’ आणि ‘ते’ ही सर्वनामे वेगळी, पण दोघांची षष्ठी एकच. मुलगा : त्याचा हात. झाड : त्याचा बुंधा. ‘ती’चे मात्र ‘तिचा’. संस्कृतातही असेच आहे : पुल्लिंग आणि नपुंसकलिंग यांना ‘तस्य’, स्त्रीलिंगाला ‘तस्याः’. इंग्रजी आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या आहेत. येथे शब्द वेगळे असले, तरी मांडणी तीच आहे.

म्हणजे ज्या व्यवस्थेत मराठी आजही सुखाने नांदते, तीच इंग्रजीतही शतकानुशतके चालली. मग इंग्रजीला नव्या शब्दाची गरज का पडली?

९/
कारण इंग्रजीने लिंगव्यवस्था गमावली. जुन्या इंग्रजीत मराठीप्रमाणे प्रत्येक नामाला लिंग होते. दगड पुल्लिंगी, सूर्य स्त्रीलिंगी आणि स्त्रीसाठीचा एक शब्द चक्क नपुंसकलिंगी. अकराव्या ते तेराव्या शतकांच्या दरम्यान नामांचे प्रत्यय झिजले आणि ही व्यवस्था कोसळली.

आता ‘ही’ म्हणजे पुरुष, ‘शी’ म्हणजे स्त्री आणि ‘इट’ म्हणजे वस्तू, अशी अर्थावर आधारलेली वाटणी झाली. अशा भाषेत दगडाला ‘हिज’ म्हणणे हळूहळू खटकू लागले. मराठीत झाडाला ‘त्याचा’ म्हणताना कोणाच्या डोळ्यांसमोर पुरुष येत नाही. इंग्रजीत तो येऊ लागला.

१०/
त्यामुळे लोक वाटा शोधू लागले. काही जण ‘ऑफ इट’ किंवा ‘देअरऑफ’ म्हणजे ‘त्यापैकीचा, त्याचा’ अशी वळणे घेत. काही प्रत्यय न लावता नुसते ‘इट’ वापरत; जणू मराठीत ‘ते फांदी’ म्हणावे. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ नाटकातला विदूषक कोकिळेच्या पिलाची गोष्ट सांगताना षष्ठीच्या जागी असे नुसते ‘इट’ वापरतो.

दरम्यान बोलीत एक सोपा मार्ग रुळत होता. नामाला षष्ठीसाठी ‘स’ लागतो, मग तो ‘इट’लाच का लावू नये? कोणा राजाने वा पंडिताने तो ठरवला नाही. बोलणाऱ्यांनीच तो घडवला.

११/
छापील पुराव्यात हे नवे रूप सोळाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागते. १५९८ मध्ये जॉन फ्लोरिओने लंडनमध्ये प्रसिद्ध केलेल्या इटालियन-इंग्रजी शब्दकोशात ते आढळते. फ्लोरिओचे वडील इटालियन निर्वासित होते आणि तो स्वतः भाषांचा शिक्षक होता. जिवंत बोली टिपणाऱ्या अशा माणसाच्या लेखनात नवा शब्द लवकर यावा, हे स्वाभाविकच.

१२/
प्रतिष्ठित गद्य मात्र त्याला दारात उभे करीना. १६११ मध्ये राजा पहिला जेम्स याच्या आज्ञेने तयार झालेले बायबलचे भाषांतर प्रसिद्ध झाले. पन्नासच्या आसपास विद्वान त्यावर खपले होते. त्या विशाल ग्रंथाच्या मूळ आवृत्तीत ‘इट्स’ एकदाही येत नाही. मिठाच्या चवीसाठीही तेथे ‘हिज’ आहे. लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात, पडीक ठेवलेल्या जमिनीत आपोआप उगवणाऱ्या पिकाचा उल्लेख आहे. तेथे षष्ठी म्हणून नुसते ‘इट’ छापले होते.

१३/
शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला एकत्रित ग्रंथ १६२३ मध्ये निघाला. एवढ्या अफाट लेखनात हा शब्द जेमतेम दहा-एक वेळा सापडतो. मिल्टनच्या काव्यातही तो अगदी मोजक्या ठिकाणी आहे. बोलीतला शब्द कागदावर येत होता, पण सभ्य लेखनात तो अजून पाहुणाच होता.

१४/
मग वारे फिरले. १६११ मध्येच बेन जॉन्सनचे ‘कॅटिलाइन’ हे नाटक आले होते. जॉन्सन भाषेचा काटेकोर भोक्ता. त्याने इंग्रजीचे व्याकरणही लिहिले. या नाटकात त्याने आकाशासाठी ‘हिज’ वापरले होते. १६७२ मध्ये कवी आणि समीक्षक ड्रायडनने हे नाटक तपासून जुन्या पिढीच्या भाषेतल्या चुका काढल्या. त्यांत हे ‘हिज’ अशुद्ध ठरवले.

एकसष्ट वर्षांत एवढा पालट झाला. जे बायबलच्या भाषांतरकारांना शुद्ध वाटत होते, ते त्यांच्या नातवंडांच्या पिढीला चूक वाटू लागले.

१५/
आता चॅटर्टनची चूक नीट कळते. तो जन्मला तेव्हा ‘इट्स’ सर्वमान्य होऊन सुमारे शंभर वर्षे झाली होती. हा शब्द त्याला हवा-पाण्यासारखा सनातन वाटला असणार. जुनाट दिसणारे शब्द तो कोशात शोधत होता, पण ‘इट्स’ शोधायचे त्याला सुचणेच शक्य नव्हते.

ठळक गोष्टींत बनावट करणारा सावध असतो. सर्वनामे, अव्यये आणि प्रत्यय यांच्याकडे मात्र त्याचे लक्ष नसते, कारण ते आपल्याही ध्यानात न येता तोंडून निघतात. दस्तऐवज पारखणाऱ्याने नजर ठेवायची ती तेथेच.

१६/
येथून गोष्ट वळते ती एका चिन्हाकडे. अक्षराच्या डोक्यावरचा स्वल्पविराम, म्हणजे ॲपॉस्ट्रॉफी, सोळाव्या शतकात फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याचे मूळ काम एकच : येथे एखादे अक्षर गळले आहे, हे दाखवणे. जुन्या इंग्रजीतल्या षष्ठीच्या ‘एस’ या प्रत्ययातला स्वर उच्चारातून गळला होता. म्हणून सतराव्या शतकात षष्ठीच्या नामांवरही हे चिन्ह हळूहळू येऊन बसले.

या लिखाणात चिन्हाविना रूप ‘इट्स’ असे आणि चिन्हासह रूप “इट’स” असे दाखवले आहे. उच्चार दोहोंचा एकच.

१७/
चिन्ह आले आणि त्यासोबत एक गैरसमजही दृढ झाला. षष्ठीचा ‘स’ म्हणजे ‘हिज’चाच संक्षेप, असे अनेकांना वाटे. त्यामुळे ‘राजाचे जहाज’ म्हणताना ‘द किंग हिज शिप’ असे लिहिण्याची पद्धत सोळाव्या-सतराव्या शतकांत जोरात होती. १७११ मध्ये ॲडिसनसारख्या नामवंत निबंधकारानेही ही समजूत मांडली.

सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या प्रसिद्ध कोशाला जोडलेल्या व्याकरणात ती खोडून काढली. त्याचा आक्षेप सरळ होता : हाच प्रत्यय स्त्रीवाचक नामालाही लागतो, मग तेथे ‘हिज’ कसा दडलेला असेल?

१८/
ज्या काळी नामांच्या षष्ठीला चिन्ह लागू लागले, त्याच काळी ‘इट्स’ नवा होता. म्हणून त्यालाही चिन्ह लागले. सतराव्या आणि अठराव्या शतकांत “इट’स” हे षष्ठीचे रूप सर्रास दिसते. ‘हर्स’, ‘युअर्स’, ‘देअर्स’ यांच्याही डोक्यावर लोक चिन्ह देत. जेन ऑस्टिनच्या पत्रांत अशी रूपे आहेत.

सर्वांत ठळक उदाहरण १७८७ चे. अमेरिकेच्या संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदातील दहाव्या कलमात, राज्यांच्या तपासणी-कायद्यांचा उल्लेख करताना, षष्ठीचे सर्वनाम चिन्हासह लिहिले आहे. आजच्या शाळेत त्याला लाल शाईची रेघ मिळेल.

१९/
मग चिन्ह गेले कसे? ‘इट इज’चा जुना संक्षेप ‘टिज’ असा होता. त्यात ‘इट’मधला पहिला स्वर गळत असे. अठराव्या शतकापासून ‘टिज’ मागे पडला आणि त्याची जागा “इट’स”ने घेतली, ज्यात ‘इज’मधला स्वर गळतो. आता एकाच आकाराचे दोन शब्द झाले : एक ‘ते आहे’, दुसरा ‘त्याचा’.

दोघांपैकी एकाला वेगळे दिसणे भाग होते. गळलेले अक्षर दाखवणे हे चिन्हाचे मूळ काम. म्हणून ते संक्षेपाकडे राहिले. षष्ठीचे सर्वनाम ‘हिज’, ‘हर’ यांच्या पंगतीत चिन्हाविना जाऊन बसले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुद्रक आणि व्याकरणकार यांनी ही वाटणी पक्की केली.

२०/
मराठीला या चिन्हाची गरज कधी पडली नाही. एकोणिसाव्या शतकात मेजर टॉमस कँडी यांनी इंग्रजीतली विरामचिन्हे मराठी गद्यात रूढ केली. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह सारे आले. षष्ठीसाठी वरचा स्वल्पविराम मात्र आला नाही, कारण चा-ची-चे हे प्रत्यय शब्दाला जोडूनच लिहिले जातात आणि संबंध पूर्णपणे सांगतात.

मराठी मनाला इंग्रजीतले हे चिन्ह अडखळवते ते यामुळेच. त्यामागे बुद्धीची उणीव नसते. मातृभाषेत त्या चिन्हाला जागाच नाही.

२१/
इतिहास कळला, की आजचा नियम पाठ करावा लागत नाही. चिन्ह दिसले, की विचारायचे : येथे कोणते अक्षर गळले आहे? वाक्यात ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ घालून पाहावे. अर्थ बसला, तर चिन्ह हवे. ‘त्याचा, त्याची, त्याचे’ असा अर्थ असेल, तर चिन्ह नको.

हीच कसोटी इतरत्रही चालते. ‘युअर’ म्हणजे तुझा, चिन्हाचे रूप म्हणजे ‘यू आर’. ‘देअर’ म्हणजे त्यांचा, चिन्हाचे रूप म्हणजे ‘दे आर’. ‘हूज’ म्हणजे कोणाचा, चिन्हाचे रूप म्हणजे ‘हू इज’ किंवा ‘हू हॅज’.

२२/
दुसरी वाटणी जागेची. नामाआधी येतात ती रूपे : माय, युअर, हर, अवर, देअर. नाम न उच्चारता एकटी उभी राहतात ती : माइन, युअर्स, हर्स, अवर्स, देअर्स. ‘हिज’ दोन्हीकडे चालते. ‘इट्स’ मात्र जवळजवळ नेहमी नामाआधीच येते.

यांपैकी एकालाही चिन्ह लागत नाही. ‘वन’, ‘एव्हरीबडी’, ‘समबडी’ यांसारख्या अनिश्चित सर्वनामांची षष्ठी मात्र नामांप्रमाणे चिन्ह घेते, कारण त्यांना स्वतःचे वेगळे षष्ठीरूप नाही.

२३/
शेवटचा मुद्दा जुने कागद हाताळणाऱ्यांसाठी. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायातले ते नुसते ‘इट’ पुढच्या आवृत्त्यांत ‘इट्स’ असे दुरुस्त करण्यात आले. दुरुस्ती चांगल्या हेतूने झाली, पण छापील पानावरून एक साक्षीदार नाहीसा झाला. मूळ आवृत्तीच्या प्रती जपल्या गेल्या, म्हणूनच १६११ मध्ये हा शब्द त्या ग्रंथात नव्हता, हे आज सिद्ध करता येते.

२४/
मोडीतले पत्र असो की बखरीची नक्कल, तिचे वाचन समाजमाध्यमांवर देताना ‘अशुद्ध’ रूपे सुधारण्याचा मोह होतो. तो टाळावा. जुन्या कागदातली प्रत्ययाची, सर्वनामाची, चिन्हाची जी रूपे आज चूक वाटतात, ती त्या काळी शुद्ध असू शकतात आणि कागदाचे वयही तीच सांगतात. आधी जसे आहे तसे उतरवावे. आजच्या भाषेतला अर्थ त्याखाली स्वतंत्र द्यावा. परीक्षेच्या वहीत आजचा नियम पाळावा आणि दप्तरातला कागद वाचताना त्या काळाचा.

#इतिहास #भाषा #थ्रेड